फिरत्या घराच्या खिडक्या आणि त्यांची दुरुस्ती

'कॅराव्हॅन' हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट, उंटांची रांग आणि तांड्याच्या पुढे चालणारा वाटाड्या उभा राहतो. यात काही वावगे नाही. शब्द मूळचा फारसी 'कारवान'च आहे. पण इंग्लंडात त्याचा अर्थ फार बदलला. तेथे कॅराव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यावयाचे लहानसे घर. आत झोपावयाच्या फळ्या, चूल, पाण्याची टाकी, बसावयास बाके, आणि चहूबाजूंस खिडक्या. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त आरमारी डॉक्टराने ब्रिस्टल येथील एका वाघिणींच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाचे असे घर खास करमणुकीच्या प्रवासासाठी बांधून घेतले आणि दोन घोडे जुंपून तो स्कॉटलंडपर्यंत गेला. पुढे १९०७ साली या छंदाच्या लोकांचा क्लब निघाला, घोड्यांची जागा मोटारीने घेतली, आणि आज मध्यम स्थितीतली हजारो इंग्रज कुटुंबे उन्हाळ्याची सुटी अशाच घरात घालवितात.

आज आम्ही या घराच्या एकाच अवयवाविषयी बोलणार आहोत, आणि तो म्हणजे त्याची खिडकी. विषय लहान वाटेल. परंतु पदार्थविज्ञान आणि रसायन यांतील बऱ्याच गोष्टी या एका खिडकीत एकत्र नांदतात, आणि त्या समजल्या नाहीत तर चांगली खिडकी माणूस आपल्या हातानेच बिघडवितो. आमच्या पाहण्यात जितक्या खिडक्या निकामी झाल्या त्यांतल्या बहुतेक आपोआप झाल्या नव्हत्या. दुरुस्तीने झाल्या होत्या.

ही खिडकी काचेची नसते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. ती अ‍ॅक्रिलिक नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकची असते. १९३०च्या दशकात इंग्लंडात 'पर्स्पेक्स' आणि जर्मनीत 'प्लेक्सिग्लास' या नावांनी हा पदार्थ बाजारात आला. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानाच्या वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक घुमट याचाच होता. आपल्या आजोबांच्या कवळीतल्या गुलाबी हिरड्याही याच कुळातल्या. काचेपेक्षा हा निम्म्याहून कमी वजनाचा, आणि उष्णता पुढे जाऊ देण्यात काचेच्या सुमारे एक पंचमांश. ओढावयाच्या घराला याहून सोईचे काय असणार? त्यातही एकावर एक अशी दोन तावदाने घेऊन मध्ये हवेचा थर ठेवला की थंडी आणखी अडते, आणि रात्री झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ खिडकीवर थबकून गादीवर ठिबकत नाही. इंग्लंडातल्या रात्री ज्यांनी काढल्या आहेत त्यांना हे सुख सांगावयास नको.

बाहेरचे तावदान साधारण सपाट किंवा किंचित वक्र असते. आतले तावदान तापवून, मऊ करून, साच्यावर ओढून घेतलेले असते. एखाद्या उथळ ताटासारखे. ताटाची कड बाहेरच्या तावदानाला चिकटविलेली असते, आणि ताटाच्या खोलीएवढी पोकळी मध्ये राहते. वरच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते, तीच बिजागरी. खाली आतल्या बाजूस खिट्या आणि दोन्ही अंगांस आधारदांड्या. आता येथे एक गोष्ट पाहा. बिजागरी बहुधा बाहेरच्या तावदानाला धरून असते, आणि खिट्या व दांड्या आतल्या तावदानाला. म्हणजे खिडकी उघडताना, लावताना, वाऱ्याने थरथरताना एक तावदान एकीकडे ओढले जाते आणि दुसरे दुसरीकडे. या दोघांना धरून ठेवणारी काय ती कडेची दीड-दोन बोटे रुंदीची सांध्याची पट्टी.

ही पट्टी सुटते कशी? सगळ्यात मोठे कारण ऊन. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने काचेच्या सुमारे आठपट प्रसरण पावते. एक मीटर लांबीचे तावदान वीस अंशांनी तापले की जवळजवळ दीड मिलिमीटरने वाढते. बाहेरचे तावदान उन्हात तापते, शिवाय ते धुरकट रंगाचे असले तर अधिकच; आतले मात्र सावलीत. एक वाढू पाहते, दुसरे जागचे हलत नाही, आणि दोघांमधला सांधा रोज सकाळी एका बाजूस व रोज संध्याकाळी दुसऱ्या बाजूस ताणला जातो. असे पंधरा-वीस उन्हाळे गेले की कोठेतरी, बहुधा कोपऱ्यात, तो हार खातो.

एकदा कोपरा सुटला की पुढचे काम सोपे होते, हे पाकिटावरून समजेल. पाकिटाची चिकटविलेली बाजू दोन्ही हातांनी सपाट सरकवून पाहा. फाटेल पण सुटणार नाही. तीच कोपऱ्यात नख घालून वर उचला. सरसर सुटत जाते. चिकटविलेला कोणताही सांधा सरकविणाऱ्या जोराला दाद देत नाही, सोलणाऱ्या जोराला मात्र चटकन देतो. आणि बिजागरी एकीकडे व खिटी दुसरीकडे असल्यामुळे खिडकीच्या सांध्यावर येणारा जोर नेमका सोलणारा असतो. मग फटीतून पावसाचे पाणी आत शिरते. हिवाळ्यात ते गोठते, आणि गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. पाचर ठोकून लाकूड फोडावे तसे बर्फ तो सांधा फोडीत जातो.

हवेचा दाबही यात आपला वाटा उचलतो. इंग्लंडातून किंवा हॉलंडातून निघालेले कुटुंब इटलीकडे जाताना ब्रेनरच्या घाटातून जाते. घाटाची उंची सुमारे १३७० मीटर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने साधारण पंधरा टक्क्यांनी कमी. दोन तावदानांमधली हवा समुद्रकाठचा दाब घेऊन कोंडलेली असती, आणि तावदाने तसूभरही फुगली नसती, तर अर्धा चौरस मीटरच्या खिडकीवर आतून साडेसातशे किलो वजनाएवढा जोर आला असता! तसे होऊ नये म्हणून आतल्या तावदानाला एकदोन बारीक छिद्रे ठेवून त्यांत प्लॅस्टिकची गुडदी बसविलेली असते. घरांच्या दुहेरी काचा पूर्ण बंद असतात. या खिडक्या तशा नसतात, आणि तशा करूही नयेत. गुडदीतून पाणी येते असा समज करून घेऊन ती छिद्रे लांबी भरून बुजविणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी दुखण्याचे कारणच आत कोंडले.

यावरून एक भेद ध्यानात येईल. खिडकीच्या आत धुके दिसले म्हणजे सांधा सुटलाच असे नव्हे. अ‍ॅक्रिलिक स्वतः थोडेसे पाणी पिते आणि सोडते. पावसाळी हवेत पोकळीत दव धरणे स्वाभाविक आहे. गुडद्या काढून खिडकी कोरड्या, उबदार खोलीत दोनचार दिवस ठेवली की ते जाते. घाई असेल त्याने माशांच्या काचपेटीत हवा सोडणाऱ्या लहान पंपाची नळी एका छिद्रात लावावी. सांधा सुटला की नाही याची परीक्षा वेगळी आहे, आणि ती एका कागदाच्या पट्टीने होते. पट्टी कडेने फिरवीत जावे. जेथे ती आत सरकते तेथे सांधा नाही. त्या जागेच्या दोन्ही टोकांना खूण करावी. पाणी आत साचून हेलकावत असेल, किंवा शेवाळाची हिरवी रेघ कडेपासून आत गेलेली असेल, तर परीक्षेचीही जरूर नाही.

असे घर रस्त्यावर काढावे काय? आमचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. इंग्लंडात कॅराव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला मोठ्या महामार्गावर ताशी साठ मैलांची मर्यादा आहे. त्या वेगाने येणारा वारा अर्ध्या चौरस मीटरवर वीस-बावीस किलो वजनाएवढा जोर देऊ शकतो, आणि शेजारून मालमोटार भर्रकन गेली की तो जोर क्षणात उलटसुलट होतो. बाहेरचे तावदान उडून मागच्या मोटारीवर जाऊन आदळले तर ती बाब दुरुस्तीची राहत नाही. प्रवासातच हे लक्षात आले तर चारी कडांवरून रुंद, मजबूत चिकटपट्टी घट्ट मारून, वेग कमी ठेवून घर गाठावे. तो उपाय घरी पोचेपर्यंतचाच.

आमचे एक स्नेही उत्तर इंग्लंडात बरीच वर्षे राहिले आहेत. त्यांच्या जुन्या कॅराव्हॅनची पुढची मोठी खिडकी खालच्या कडेने हातभर सुटली होती. नवी खिडकी मागवावी तर तिला काहीशे पौंड, आणि त्या नमुन्याचा साचा कारखान्याने मोडीत काढलेला. त्यांचा मुलगा उत्साही. तो म्हणाला, "काका, त्यात काय एवढं? स्नानघराच्या फटीत भरतो ते सिलिकोन भरून टाकू, पाच मिनिटांचं काम." आम्ही त्याला म्हटले, "बाळ, ते भरलेस की ही खिडकी परत कधीच जुळायची नाही." त्याला ते पटावयास थोडा वेळ लागला, पण आपल्या विषयाचे मर्म नेमके येथेच आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो.

आपण डिंकाने कागद चिकटवितो तेव्हा डिंक हा तिसरा पदार्थ दोन कागदांच्या मध्ये राहतो. अ‍ॅक्रिलिकच्या चांगल्या सांध्यात असा तिसरा पदार्थ राहत नाही. गुळाचे दोन खडे पाण्याने ओले करून एकमेकांवर दाबून ठेवा. पाणी दोघांचाही पृष्ठभाग विरघळविते, दोघांचा पाक एकमेकांत मिसळतो, पाणी उडून जाते, आणि राहतो एकच खडा. अ‍ॅक्रिलिकचे असेच आहे. फक्त पाण्याच्या जागी त्याला विरघळविणारे द्रावक लागते. या पदार्थाचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. द्रावकाने त्या सैल होतात, दोन्ही तावदानांच्या साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि द्रावक उडाले की त्या गुंत्यासकट घट्ट होतात. आपल्याकडे दुकानांच्या पाट्या आणि सत्कारात देतात ती स्मृतिचिन्हे करणारे कारागीर इंजेक्शनच्या सुईने क्लोरोफॉर्मची बारीक धार सांध्यात सोडतात. ते हेच करीत असतात. एखाद्या पाटीवाल्याला हे काम करताना पाहिलेत तर आमचे पुढचे निम्मे व्याख्यान ऐकावयाची गरज उरणार नाही.

आता सिलिकोन काय करते? ते अ‍ॅक्रिलिकला विरघळवीत नाही, धड धरूनही ठेवीत नाही. मात्र त्याचा न दिसणारा तेलकट थर मागे राहतो, आणि त्या थरावरून द्रावक आत शिरू शकत नाही. झटपट चिकटविणारा जो 'सुपरग्लू' मिळतो त्याचा सांधा ठिसूळ, आणि त्याची वाफ तावदानावर पांढरी बुरशी यावी तशी बसते. इपॉक्सी धरते, पण ऊन-थंडीच्या ताणात कवच निघावे तसे निघून येते. या तिन्ही वस्तू आपापल्या जागी उत्तम आहेत. ही त्यांची जागा नव्हे, इतकेच.

द्रावक म्हणून तिकडे बहुधा डायक्लोरोमीथेन वापरतात. ते जवळजवळ चाळीस अंशांवरच उकळते, म्हणून चटकन उडते. त्यातच थोडे अ‍ॅक्रिलिक विरघळवून काकवीसारखा केलेला दाट द्रावही मिळतो. दोन भाग मिसळून वापरावयाचा तिसरा प्रकार आहे; तो उडून जाऊन नव्हे तर स्वतःच अ‍ॅक्रिलिक बनून घट्ट होतो. निवड फटीवरून करावी. दोन कडा कागदासारख्या बिनफटीच्या बसत असतील तर पातळ द्रावक. केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढते तसे, ते स्वतःच सांध्यात धावत जाते. कडा कोठे बसतात आणि कोठे बसत नाहीत अशी स्थिती असेल, आणि जुन्या खिडकीत ती असतेच, तर दाट द्राव किंवा दोन भागांचा. आमचा कल शेवटच्याकडे आहे. वेळ अधिक लागतो, पण फट भरून निघते.

या द्रावकाविषयी धोक्याची सूचना न देता पुढे जाणे योग्य होणार नाही. डायक्लोरोमीथेनला गोडसर वास आहे आणि तेच त्याचे कपट आहे. शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यासारखी स्थिती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली त्याला 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातले. युरोपीय संघाने त्याआधीच, २००९च्या निर्णयाने, रंग काढावयाच्या द्रावांतून ते सामान्य ग्राहकाच्या हातून काढून घेतले. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड, म्हणून ती खाली साचते. साध्या रबरी हातमोज्यांतून ते काही मिनिटांत पार होते. विस्तवाजवळ त्याचे विषारी वायू होतात. म्हणून काम नेहमी उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन, डोळ्यांना चष्मा लावून करावे. कॅराव्हॅनच्या आत बसून कधीही करू नये. आणि शेजारी उभ्या असलेल्या हौशी मंडळींच्या सिगारेटी आधी विझवाव्या.

आता प्रत्यक्ष काम. दोघांनी मिळून खिडकी उतरवावी. एकाने धरावी, दुसऱ्याने आधारदांड्यांचे स्क्रू काढावेत. बहुतेक नमुन्यांत खिडकी आडवी वर उचलली की बिजागरीच्या पन्हळीतून ती निघते किंवा बाजूस सरकते. ओढाताण करू नये. टेबलावर जुने ब्लँकेट अंथरून तीवर ठेवावी.

धुण्याला कोमट पाणी आणि थोडा साबण; याखेरीज काही नको. स्पिरिट नको, पेट्रोल नको, काचा पुसावयाचे फवारे तर नकोतच. अ‍ॅक्रिलिकमध्ये साच्यात घडताना राहिलेला ताण असतो. अशा द्रवांचा स्पर्श झाला की त्या ताणाच्या रेषेवर केसाएवढ्या असंख्य भेगा उमटतात, आणि त्या कधीही जात नाहीत. सुटलेल्या भागात पातळ लाकडी पाचर अलगद घालून आतले शेवाळ ओल्या सुती फडक्याने काढून घ्यावे. ही संधी परत येणार नाही. जुना पिवळा पडलेला थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पातीने खरवडावा, मग बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवावा. नंतर खिडकी पूर्ण सुकू द्यावी. आमच्या स्नेह्यांकडे आम्ही ती तीन दिवस दिवाणखान्यात ठेवली होती, आणि वहिनींनी ते तीनही दिवस आम्हांला त्याबद्दल बोल लावला.

सुकल्यावर एकदा कोरडी जुळवणी करावी, आणि ही पायरी आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. द्राव न लावता कडा शिकंज्यांनी जुळवून पाहाव्या. दोन बोटांच्या दाबाने मिटत असतील तर उत्तम. शिकंजा पिळून पिळून मिटवाव्या लागत असतील तर तावदान वाकले आहे, आणि जबरदस्तीने मिटविलेला सांधा दोन तऱ्हांनी सूड घेतो: ताणात असलेल्या जागी द्रावक लागताच भेगा पडतात, आणि सांधा घट्ट झाला तरी तावदान त्याला रात्रंदिवस सोलू पाहत राहते. अशा वेळी फट राहू देऊन ती दोन भागांच्या द्रावाने भरणे बरे. आणि भेगा आधीच कडेपर्यंत पसरलेल्या असतील, किंवा पूर्वी कोणी सिलिकोन चोपडले असेल, तर त्या खिडकीवर श्रम न घालता जुन्या गाड्यांच्या मोडीतून दुसरी शोधावी. कोपऱ्यात कोरलेला वर्तुळातला 'ई' आणि त्याशेजारचे आकडे टिपून न्यावेत. त्यावरून नमुना जुळविणे सोपे जाते.

हवा कोरडी असावी हा दंडक आम्ही मुद्दाम शेवटी सांगतो, कारण तो सगळ्यांत आधी मोडला जातो. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड करते, माठ पाझरून गार व्हावा तसा. हवा दमट असेल तर त्या गार जागेवर दव धरते आणि सांधा दुधासारखा पांढरा पडून कमजोर होतो. इंग्लंडात कोरडा दिवस मिळणे हे दैवाधीन. त्याची वाट पाहावी.

कडेपासून बोटभर आत दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून स्वच्छ तावदान झाकावे. सुईच्या तोंडाच्या बाटलीने द्राव खुणेच्या एका टोकापासून दुसऱ्याकडे सावकाश सोडीत जावे. थेंब मोकळ्या जागी पडलाच तर पुसू नये. पुसले की तो विरघळलेला भाग पसरून कायमचा डाग होतो. तो आपोआप उडू द्यावा, पुढे घासून चकाकी आणता येते. मग कडेला लाकडाच्या पट्ट्या ठेवून साधारण चार-चार बोटांवर लहान शिकंजे लावावेत, नुसते धरण्यापुरते. दाब जास्त झाला की द्राव बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. एखाद्या तासात पकड येते. तरी शिकंजे पूर्ण एक दिवस हलवू नयेत, आणि खिडकी आणखी दोन दिवस जागेवर बसवू नये. तोवर गुडद्या काढूनच ठेवाव्यात, म्हणजे पोकळीत कोंडलेली वाफ निघून जाते. ती आत राहिली तर आतल्या तावदानावर तिचाही परिणाम होतो.

स्नेह्यांची खिडकी बसविण्यापूर्वी आम्ही तिच्या कडेने पुन्हा कागदाची पट्टी फिरविली. ती कोठेही शिरली नाही. मग दांड्यांचे स्क्रू बसविले, खिट्या लावल्या, आणि रबरी नळीने खालून वर व वरून खाली पाणी मारून पाहिले. मुलगा आत बसून हाताने कोपरे चाचपीत होता. गुडद्या दुसऱ्या दिवशी बसविल्या.